कुणाची हरकत?

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. पूर्वी मीटिंग म्हणजे मशीनपाशी उभं राहणं. शिफ्ट बदलताना मोठे साहेब खाली यायचे, आम्ही चार-पाच जण नि ऑपरेटर असा घोळका व्हायचा. साहेबांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. पटलं नाही की आम्ही गप्प बसायचो. कुणी बुटांकडे बघायचं, कुणी उगाच हात पुसायचं. साहेब ओळखायचे. "बरं, राहू दे," म्हणायचे आणि विषय मिटायचा.

आता साहेब दिल्लीकडच्या ऑफिसात बसतात आणि आम्ही आपापल्या केबिनमध्ये. भिंतीपलीकडचा माणूस मला स्क्रीनवरच्या चौकटीत भेटतो. मशीनांचा आवाज येतो म्हणून सगळ्यांचे माइक बंद, नेट अडकतं म्हणून कॅमेरेही बंद. ऑपरेटरला तर मीटिंगची लिंकच जात नाही, विषय त्याच्याच मशीनचा असला तरी.

त्या दिवशी विषय होता पत्र्याचे भाग दाबून काढणारी जुनी प्रेस गुजरातच्या प्लांटला हलवायचा. तिच्यावर बीडकडचा एक ऑपरेटर वीस वर्षं काम करतोय. प्रेस गेली की त्याने तिच्यामागे तिकडे जायचं, नाहीतर घरी बसायचं. वय पन्नास, मुलगी यंदा दहावीला. प्रेस इथे अजून दहा वर्षं बिनतक्रार चालली असती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

आम्ही गप्प बसलो. सवयीने. मी तर गाढवासारखा बुटांकडेही बघत राहिलो. पाच सेकंद झाले नसतील. "गुड, मग फायनल," साहेब म्हणाले आणि पुढचा विषय निघाला. माइकच्या बटणावर माझं बोट होतं. ते दाबलं नाही, याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी ऑपरेटरने मला गेटपाशी गाठलं. "मिटिंगमधी प्रेसचं निघालं हुतं म्हणं. तुमी काय म्हणलाव, साहेब?"

"काही नाही. गप्पच बसलो सगळे."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मंग झालं की! नाहीच म्हणलाव. मोठ्या साहेबाला कळलं असंल."

मी काहीच बोललो नाही. तो जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मशीन कधी उचलणार हायेत?"