चुन्याच्या डबीचा साचा

प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करण्यात माझा जन्म गेला. पण त्यातला सगळ्यात अवघड अंदाज मी तेल्हाऱ्याला, हातात पोह्यांची बशी धरून दिला. गेलो होतो मुलगी पाहायला.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीला राजापेठेत माझा एक लेथ होता आणि हाताने दांडा ओढून चालवायचं प्लास्टिकचं मशीन. त्यातून बटणं, शिट्ट्या निघत. नोकरी नाही, शेतवावर नाही, म्हणून दोन ठिकाणांहून नकार आलेला. मोर्शीचे मामा सोबत होते. म्हणाले, "तू तोंड उघडू नको. तुह्या तोंडानंच दोन जागा गेल्या."

मुलगी पाणी घेऊन आली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मला ती तिथेच आवडली. आता हे लग्न मोडू नये एवढंच मनात होतं.

मुलीच्या वडिलांचं किराण्याचं दुकान. त्यांनी खिशातून पितळेची चुन्याची डबी काढली. "अशी प्लास्टिकची करून इकावी म्हणतो. साचा कितीले पडीन?"

मामांनी माझी मांडी धरली. मी डबी उलटीपालटी केली. नमुना हातात आला की मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "सहाशे."

"मधात पडदा पाह्यजे. इकडे चुना, तिकडे तमाखू."

"सातशे."

"झाकण डबीलेच जोडून."

"आठशे."

"वर आमच्या दुकानाचं नाव."

"अक्षरं पोलादात उलटी कोरावी लागतात. नऊशे."

बोलायला काय जातं, अशा थाटात ते सांगत होते आणि मी वाढवत होतो. मामा चिमटे काढून थकले.

"नऊशेत बैलजोडी येते, बावा," मुलीचे वडील शांतपणे म्हणाले आणि आत हाक दिली. मुलीच्या आईने करंजीचा साचा आणून माझ्यापुढे ठेवला. वडील म्हणाले, "हा तं यात्रेत चिल्लरमधी भेटला. हाबी साचाच हाये ना?"

झालं. माझं डोकं फिरलं. मी बशी खाली ठेवली, साचा मिटला आणि दोन अर्ध्या भागांमधली फट त्यांना दाखवली. "इथून सारण बाहेर आलं तर करंजी खाता येते. प्लास्टिक बाहेर आलं तर गिऱ्हाइकाचं बोट कापतं. ही फट बुजवायला मी कानस घेऊन आठवडे घासतो. मग मशीनवर लावून पाहतो, चुकलं की पुन्हा घासतो. त्याचे पैसे आहेत."

"अजी, मानूस घरचा हाये," मामा घाईने म्हणाले. "तो पाचशेत करून देईन."

"नाही देणार," मी म्हटलं. "घरचं म्हणून पोलाद नरम होत नाही."

तिसरी जागाही गेली, हे मला कळलं. आठशे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जीभ वळेना. वडील हट्टाने माझ्या पहिल्या आकड्यावर अडून बसले होते. "सहाशे म्हना, अन् विषय संपवा."

तेवढ्यात आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मुलगी तिथेच उभी राहून ऐकत होती. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबा, काहून भाव पाडून राह्यले त्यायचा? उद्या मले त्याच्यातच घर चालवा लागीन."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि डबी माझ्या हातात दिली. "नऊशे तं नऊशे," म्हणाले. मामांनी तेव्हा कुठे माझी मांडी सोडली.