परवणीचे लुगडे

“परवणीच्या समुद्रस्नानाला ती बाई हाताला लागेल ते लुगडे नेसून गेली. उतारवयात नेसण्याची हौस कसली?” असे आमच्या आळीतले विद्वान अजून सांगतात. त्यांपैकी एकही जण त्या दुपारी रत्नागिरीतल्या माझ्या कापडदुकानात नव्हता. मी होतो.

साठीला टेकलेली ती बाई धाकट्या जावेला घेऊन आली. नाव मी विचारले नाही. परस्त्रीचे नाव विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. बैठकीवर बसताच तिने पाण्याचा तांब्या मागितला आणि एकेका लुगड्याचे टोक त्यात बुडवून ती ते आपल्या मनगटावर ताणून पाहू लागली. मी हरकत घेतली.

“कोरडं लुगडं सगळंच सोज्वळ असतं हो,” ती म्हणाली. “समुद्रातून वर येताना कसं दिसेल ते बघत्ये.”

ओले होताच ज्यांतून कातडी दिसली, ती लुगडी तिने बाजूला सारली. शेवटी दोनच उरली: एक काळे, एक गर्द जांभळे, हिरव्या काठांचे.

“काळंच घ्या, जाऊबाई. आता तुम्हाला कोण बघणार आहे?” जाऊ फिसकन हसली.

“मी,” ती म्हणाली.

कोऱ्या कापडाचा वास आला की तो शांत स्वर मला आजही ऐकू येतो. म्हणे, हाताला लागेल ते! ती दोन्ही लुगडी ओली झाल्यावरही सारखीच अंग झाकत होती, आणि तरीही तिने माझ्याकडे आरसा मागितला.