रावजींचं खोटं मरण

सावर्ड्याजवळच्या वाडीत राहणारे रावजी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची बस तीस वर्षं चालवून निवृत्त झाले. बस कंपनीची असली तरी रावजी चालायचे पाखरांच्या हुकमाने. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, म्हणून झुडपात शिरलेला भारद्वाज नीट दिसेपर्यंत त्यांनी एकदा बस दहा मिनिटं उभी केली होती. पहिल्या पाळीचे कामगार खिडक्यांतून माना काढून त्याला शोधत बसले.

मागच्या वैशाखात ते अंगणात आमसुलं वाळत घालत होते. एक कावळा झेपावला आणि त्याने रावजींच्या टकलावर टोच मारली.

"आंब्यावर घरटं हाय त्याचं. पिल्लांना जपतोय तो," बायको गोदा म्हणाली.

पण रावजी पांढरेफटक पडले होते. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण! उतारा एकच. आपण मेल्याची खोटी बातमी नातेवाइकाला कळवायची. तो रडला की अरिष्ट टळलं, मग खरं सांगून टाकायचं.

"चंपाला फोन लाव. ती पोटभर रडेल."

चंपा ही त्यांची धाकटी बहीण, अलोऱ्याला दिलेली. गोदाने फोन लावला. "वन्सं, तुमचे दादा गेले ओ..." एवढं बोलली, आणि समोर नवरा टकलाला हळद लावत बसलेला बघून तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. चंपाला तो हुंदका वाटला. तिने किंकाळी फोडली, फोन तिथेच टाकला आणि निघाली. गोदाने खरं सांगायला दहादा फोन लावला, पण उचलणार कोण?

दीड तासाने दारात रिक्षा थांबली. रावजी माशाचं कालवण ओरपत होते, ते घाईघाईने दाराआड लपले.

चंपाने अंगणातच बसकण मारली. "माझा देवासारखा दादा गेला गो! लाखात एक होता!"

"वन्सं, ऐका..." गोदा सांगायला गेली, तर दाराआडून रावजींनी हात हलवून तिला गप्प केलं. ऐकायला बरं वाटत होतं.

"कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाय! पण एक नंबरचा चिक्कू गो! सात वर्षांत बहिणीच्या दारात एक फणस घेऊन नाय आला!"

"चिक्कू कोण?" रावजी उष्ट्या हाताने बाहेर आले. "दर वेळी निघालो की टिटवी ओरडायची, त्याला मी काय करू?"

चंपा ताडकन उठली. मग तिने पायातली चप्पल काढली. तीन फटके हाणले आणि त्यांच्याच गळ्यात पडून पुन्हा रडायला लागली. "पाखरांना विचारून बहिणीकडे येतात काय रे?" रावजींनाही रडू आवरेना.

गोदाने ताट वाढलं. जेवता जेवता रावजींनी भीत भीत विचारलं, "राहशील ना दोन दिवस?"

"रडून झालंय माझं," चंपा काटा काढत म्हणाली. "आता तेरावं जेवूनच जाईन."

ती खरोखरच राहिली. तेराव्या दिवशी गोदाने वडे तळले, आणि पंगतीला वाढायला स्वतः रावजी होते.