टॉन्सिलवरची भुरी

"आ कर! आजून मोठा! घड मावला पाह्यजे!" बाजीरावमामा ओरडत होते आणि मी खुर्चीत मान मागे टाकून दिंडोरीतल्या तमाम माश्यांना आमंत्रण देत होतो.

माझा घसा बसला होता आणि रविवारी नाशिक रोडला मुलगी बघायला जायचं होतं. नव्वदच्या दशकातल्या त्या ऐन लग्नाच्या वयात माझ्याकडे एकच भांडवल होतं, बोलणं! (रूपाच्या जोरावर जी स्थळं मिळायची, ती सगळी हातची गेली होती.) डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या घराण्यातल्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबर गिळायला सांगितल्या. मी गिळणार, तोच मामांनी बॅटरी मारून माझ्या घशात पाहिलं.

"आरं, ही तर भुरी हाय!"

मामांची द्राक्षबाग, आणि भुरी म्हणजे वेलीवर येणारी पांढरी बुरशी. पांढरे ठिपके दिसले की वेल असो वा भाचा, ते धुरळणीच करणार!

"रोग घशात, अन् औषध पोटात कशाला? भुरी पानावर आली तर गंधक पानावरच मारत्यात ना?"

मला हे पटलं! (मी पदवीधर. तोही विज्ञानाचा.)

मामांनी गोळी खलबत्त्यात कुटली, कागदाच्या नळीत भरली आणि फुंकली. अगं आई गं! त्या चवीपुढे कारलं म्हणजे पेढा! मी असा खोकलो की अर्धी मात्रा मामांच्या मिशीवर.

"वारा उलटा हाय," म्हणत त्यांनी दुसरी गोळी कुटायला घेतली.

शनिवारपर्यंत बेडकासारखा होता तोही आवाज गेला. "लागू पडतंय," मामा म्हणाले. रविवारी मुलीच्या दारातसुद्धा त्यांनी एक धुरळणी उरकली.

मग पोहे आले. पहिल्याच घासाला माझा चेहरा असा काही झाला की मुलीची आई घाबरली. "बिघडलेत का हो?"

"नाय, नाय," मामा मदतीला धावले, "त्याचं तोंड असंच हाय!"

"मुलगा बोलत का नाही?" वडिलांनी विचारलं.

"घशावर धुरळणी केलीय."

मुलगी, वैशाली, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने हात पुढे केला. "पाकीट बघू."

तिने पाकीट वाचलं. मामांच्या खिशातली नळी पाहिली. ओठ दाबून हसू गिळलं.

"मामा, यातल्या पेनिसिलिनला टोपी घातलेली असते. टोपीशिवाय ते आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. आतड्याच्या अस्तरातले एन्झाइम टोपी कापतात, की खरं औषध मोकळं होऊन रक्तातून घशापर्यंत जातं. जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधतात ना, ते बांधकामच हे बिघडवतं. मग जंतू फुटतात. घशात फुंकली तर टोपी निघणार कशी? नुसता कडूपणा!"

"म्हंजे आंतरप्रवाही हाय!" मामा ताडकन उठले. "पोटातून जाऊन पानाला पोचणारं! आन् मी येडा वरून मारतोय!"

तिने पाणी दिलं. उरलेली एकुलती एक गोळी मी पोह्यांबरोबर, सगळ्यांच्या देखत गिळली. "डॉक्टरांना खरं सांगा आणि पुढचा कोर्स पूर्ण गिळा," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हेही स्थळ गेल्याची नोंद केली.

होकार आला! साखरपुड्यापर्यंत आवाजही आला, आणि इतका आला की भटजींना मंत्र मध्येच थांबवून माझं बोलणं संपायची वाट बघावी लागली.

बऱ्याच वर्षांनी मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी शर्टभर भुकटी, तोंडाचा द्रोण झालेला, शेजारी नळीवाले मामा. तरी तू हो का म्हणालीस?"

तिच्या मेडिकलच्या दुकानातल्या फळीवर औषधं लावता लावता, वळूनही न बघता ती म्हणाली, "तुम्ही बोलत नव्हता."