वहिनी, हा ऐका!

गाणं शेवटपर्यंत ऐकू न देण्याच्या बाबतीत माझ्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडायचा नाही. लग्न होऊन मी शांती नगरच्या या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात ते मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “वहिनी, हा ऐका. एकदम हेवी आहे.” नवी नवरी मी, नाही कशी म्हणणार? गॅस बारीक केला. मोबाईलमधून पत्रा कापल्यासारखा आवाज यायला लागला. “आता येतोय बघा... येतोय... आला!” आला म्हणेपर्यंत त्यांचं बोट स्क्रीनवर. “थांबा, तुम्ही नीट ऐकला नाही. परत लावतो.” परत लावला, तो अर्ध्यावर तोडला. “हा काहीच नाही वहिनी, याच्या पुढचा ऐका.” भाजी करपली, पण गाणं म्हणून एकही पुरं झालं नाही. त्यांना गाणं नकोच असतं मुळी. त्यांना हवा असतो रिफ. रिफ म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा तुकडा, हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे रोजच इतकं कळत राहिलं की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. हेवी मेटल हा त्यांचा जीव, आणि त्यातही ते प्रोग्रेसिव्ह म्हणतात ते, ज्याचा ठेका मोजता मोजता माणसाला घाम फुटतो. गाणारा ओरडायला लागला की यांचा रस संपला.

त्यांचा सगळ्यात आवडता रिफ कोणता, हे विचारायची सोय नाही. सकाळी दात घासताना जो जगात भारी असतो, तो संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत पदावरून उतरलेला असतो. एक संथ आणि जड, जमीन हादरवणारा. एक सात मात्रांचा, एक अकराचा. हे सगळे ते तोंडाने वाजवून दाखवतात, “ढिक-ढिक-ढँग, ढिकीढिकी-ढँग,” आणि टूथपेस्टचे शिंतोडे आरशावर. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नाही. बसले तर पाय हलतो, पाय धरून ठेवला तर बोटं चालतात, आणि बोटांखाली पोळ्यांचा डबा आहे की माझ्या मुलीचं डोकं, हे त्यांच्या गावीही नसतं. एकदा वॉशिंग मशीन खडखडायला लागलं म्हणून मी धावत गेले, तर हे मशीनला कान लावून उभे. “बंद करू नका वहिनी! सातात चाललंय!” ते सातात चालत असतानाच पट्टा तुटला. त्या रात्री त्यांनी घरातले सगळे कपडे हाताने धुतले, तेही सातात. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन तर बरेच दिवस आमच्याकडे फरशा फोडायचं काम चाललंय असंच समजत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी बेल वाजवली. “भाभी, आपका रिनोवेशन कब खतम होगा?” मी त्यांना आत बोलावून दीर दाखवले.

भाऊजींसाठी मुलगी बघायला आम्ही भाईंदर पश्चिमेला गेलो होतो. मुलीच्या मामांनी सहज विचारलं, “मग, आवड कशाची?” भाऊजींनी खिशातून मोबाईल काढला. “हा ऐका.” मग, “हा नको, याच्या पुढचा.” मग, “थांबा, मागे घेतो.” पोहे गार झाले. मामा उठून “बरं, कळवतो” म्हणाले आणि त्यांनी अजूनही कळवलेलं नाही. त्यांचा कॉलेजातला बँडही असाच मोडला होता. दर आठवड्याला हे नवीन रिफ घेऊन हजर, आणि जुन्याचं गाणं व्हायच्या आत तो यांच्या मनातून उतरलेला. गिटार कपाटावर गेली ती तेव्हापासून.

मागच्या वर्षी माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. मी त्यांना मामा म्हणते. मामा तरुणपणी परभणीकडे एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, जयंतीला गावोगाव भीमगीतं गात फिरायचे. झटक्यात गेला तो नेमका उजवा हात. डॉक्टर म्हणाले, बोटं रोज आपटत राहिली पाहिजेत, आत्ता हलली नाहीत तर हात कायमचा गेला. मामांनी साफ नकार दिला. “लेकरासारखं टकटक करत बसू का मी?” आम्ही समजावून थकलो. चादरीवर पडलेला तो हात भाऊजींना बघवायचा नाही. ते हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे.

एका रविवारी दुपारी ते मामांच्या उशाशी बसून स्वतःपुरताच तो अकराचा रिफ लावून मोजत होते. मी औषध घेऊन आत आले, तेवढ्यात मामा म्हणाले, “चुकलास.”

“कुठं?”

“सम कुठाय, तेच कळंना तुला.” सम म्हणजे ठेका फिरून जिथे सुरू होतो ती जागा. आणि मामांचं एक बोट चादरीवरून उचललं गेलं, थरथरलं, आणि रिफ जिथे नव्याने सुरू झाला, बरोबर तिथेच खाली पडलं. सवयीप्रमाणे भाऊजींचं बोट स्क्रीनकडे गेलं, तुकडा परत लावायला. मामा खेकसले, “हात लावू नको. पुढं जाऊ दे की!”

गाणं पुढे गेलं. गाणारा ओरडला, मधे बासरीसारखं काहीतरी वाजलं, आणि रिफ फिरून आला तेव्हा ते बोट पुन्हा पडलं. भाऊजी पलंगाच्या कडेला बसून होते. त्यांचा पाय थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग रोज संध्याकाळी बापलेकांची बैठक बसायला लागली. “हा काय गोंधळ लावलाय” म्हणत मामा शिव्या घालायचे आणि बोटं आपटायचे. दिवाळीला त्यांनी त्या हाताने चहाचा कप धरला. भाऊजी तोंड फिरवून बाल्कनीत निघून गेले. जानेवारीत दुसरा झटका आला आणि मामा गेले.

आता भाऊजी गाणी शेवटपर्यंत ऐकतात. मोबाईल टेबलावर, हात गुडघ्यांवर, पाय स्थिर. गाणारा ओरडला तरी बोट पुढे येत नाही. माझे मिस्टर म्हणतात, “सुधारला.” येणारे-जाणारे म्हणतात, पोक्त झाला. मला मात्र ते बघवत नाही. त्या शांत घरात मला काही सुचत नाही, पोळ्यांचा डबा नुसता डब्यासारखा पडून असतो.

परवा ते असेच बसले होते. गाणं संपत आलं होतं. मी गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, “भाऊजी, तो मघाचा तुकडा परत लावा ना. मी नीट ऐकला नाही.”

त्यांनी मोबाईल उचलून गाणं मागे घेतलं, जरासं ऐकलं आणि अर्ध्यावर तोडलं.

“हा काहीच नाही, वहिनी,” ते म्हणाले. “याच्या पुढचा ऐका.”

त्यांचा पाय हलायला लागला होता. भाजी करपल्याचा वास आला. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.