लग्नी अगस्ती

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. शाळेत फिजिक्स शिकवते, पत्रिका न बघता लग्न केलं, आणि अमावस्येला मुद्दाम खरेदीला जाते... गर्दी कमी असते म्हणून. तरीही हे लिहितेय.

१९९७ चा मार्च. आम्ही मस्कतला, अल मवालेहमध्ये राहत होतो. माझा नवरा विवेक एसी प्लांटच्या सर्व्हिसिंगवर इंजिनिअर होता, आठवड्यातून एकदा कंपनीच्या पिकअपने इब्रीला जायचा. गाडी सुहैल चालवायचा. तो मस्कतचाच, विवेकच्याच वयाचा, आणि हिंदी आमच्यापेक्षा झकास.

एका शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, ऑफिसातले अकाउंटंट लेले काका जेवायला आले. त्यांना पत्रिकांचा नाद, त्यातही स्थिर ताऱ्यांचा. ग्रह काय, आज इथे तर उद्या तिथे. पण तारा लग्नावर, म्हणजे जन्मवेळी उगवत्या क्षितिजावर, नेमका आला तर माणसाला सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवण झाल्यावर आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःची फ्लॉपी घालून त्यांनी विवेकची पत्रिका काढली. आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"लग्नी अगस्ती. अंशाचाही फरक नाही," ते शेवटी म्हणाले. "समुद्र प्यायलेला ऋषी आहे तो. विवेक, हा महिना पाण्यापासून जप."

मी म्हटलं, काका, इथे बुडायचं तर आधी टँकर मागवावा लागेल. विवेक हसला. काका हसले नाहीत.

सोमवारी इब्रीची फेरी होती. सकाळपासून डोंगरांकडे आभाळ काळं झालेलं. तिथले रस्ते जागोजागी कोरड्या नदीपात्रांतून जातात, त्यांना वादी म्हणतात. डोंगरात पाऊस झाला की तिथून पाण्याचा लोंढा येतो. मला शाळेत पोचायचं होतं, पण पाय निघेना. स्वतःचाच भयंकर राग येत होता... मी विवेकची बॅग धरून ठेवली आणि आज जायचं नाही, एवढंच म्हणाले. कारण सांगायची लाज वाटत होती.

उशीर होतोय म्हणून सुहैल वर आला. त्याने आमच्या दोघांचे चेहरे पाहिले. "माफी मुश्किल, भाभी," तो म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही. "सामान ही तो देना है. मैं अकेला जाता हूँ."

दुपारी ऑफिसातून फोन आला. पिकअप वादीत वाहून गेली होती. सुहैल सापडला तो दुसऱ्या दिवशी.

मी विवेकला घट्ट धरून रडले. त्या संध्याकाळी लेले काका आले, चेहरा उतरलेला. त्यांनी पत्रिका पुन्हा मांडून पाहिली होती. विवेकचा जन्म मिरजेचा. पण काका रोज स्थानिक आकाश बघायचे, म्हणून प्रोग्रॅममध्ये ठिकाण मस्कतच असायचं, आणि ते बदलायचं राहून गेलं होतं. मिरज घातल्यावर अगस्ती लग्नावरून सरकला. म्हणजे ती पत्रिका विवेकची नव्हतीच. मी म्हटलं, चला, खलास. निव्वळ योगायोग.

मग आम्ही तिघं मस्कतमधल्याच मत्राला, सुहैलच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या आईला जन्मतारीख माहीत नव्हती. कागदावर कुणीतरी अंदाजे टाकलेली. शेजारीण तिचं बोलणं हिंदीत सांगत होती. मुलगा याच घरात झाला, उन्हाळा सरताना, म्हणजे तिकडे ऑगस्टअखेरीस, फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या आधी. त्याच पहाटे आकाशात सुहैल त्या वर्षी पहिल्यांदा दिसला, म्हणून हे नाव ठेवलं.

"कौनसा सुहैल?" विवेकने विचारलं.

आईने दक्षिणेकडे हात केला. लेले काका माझ्या शेजारी बसले होते. ते मराठीत, अगदी हळू म्हणाले, "सुहैल म्हणजे अगस्ती."

विवेकचा जन्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, पहाटेचा. दोघांचा दिवस एकच होता का, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. मी पुष्कळ गणितं मांडली, विद्यार्थ्यांना शिकवते ते सगळं वापरून पाहिलं. उत्तर नाही. एवढंच कळतं की ज्याच्यासाठी तो इशारा होता, तो त्या सकाळी आमच्या दारापर्यंत आला होता. त्याला मात्र कुणीच काही सांगितलं नाही.