बंधाऱ्यावरची सोपी वाट

कोपरखैरण्यात आमच्या समोरच्या घरात ज्ञानूभाऊ शेडगे आणि राजाबाई राहतात. दोघंही मूळचे पाटण तालुक्यातले. ज्ञानूभाऊंनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडीचं काम केलं. राजाबाई तिथंच कांदा निवडायला जायच्या. घर लहान, वर एक खोली चढवलेली. तिथं मुलगा उदयसिंह आणि सून प्रियदर्शिनी राहतात. वर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी वाळलेले कपडे घेऊन उतरताना राजाबाईंचा त्या जिन्यावरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. वैष्णवी नावाची एक मुलगी घरी येऊन व्यायाम शिकवायची. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, काठी चांगल्या बाजूच्या हातात, असं सगळं तिनं राजाबाईंकडून घोटून घेतलं. घरातल्या घरात त्या बऱ्यापैकी चालायला लागल्या. पण आमची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली, मधून टेम्पो, भाजीच्या गाड्या. एकदा ज्ञानूभाऊ त्यांना रिक्षानं बागेत घेऊन गेले. तिथं एका लहान मुलाची सायकल काठीला घासून गेली. राजाबाई पडल्या नाहीत, पण नवऱ्याचा दंड धरून बाकावर बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं.

"घरात चालते की," त्या म्हणायच्या. "भाईर जाऊन कुणाला दाखवायचंय?"

पण बाई दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे, हे ज्ञानूभाऊंना दिसत होतं.

दिवाळीनंतर मार्केटातल्या एका जुन्या ओळखीच्या टेम्पोवाल्याच्या घरचं लग्न निघालं. त्याचं गाव उरणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. करंजपाडा. गावामागं एक छोटं धरण आहे. जेवणं झाल्यावर ज्ञानूभाऊ सहज तिकडं फिरायला गेले आणि बंधाऱ्यावर उभे राहिले. लांबच लांब सपाट मुरमाची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली खाचरं आणि पलीकडं उघडा माळ. गाडी नाही, घोडा नाही. गुरं राखणारी एक बाई सोडली तर माणूसही नाही.

पुढच्या गुरुवारी ते एकटेच परत गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. राजाबाईंसारखी लहान लहान पावलं टाकत त्यांनी ती वाट मोजली. शाळा तिसरीपर्यंतची, त्यामुळं लिहायला वेळ लागायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी तीन वाटा उतरवल्या. पहिली नुसती बंधाऱ्यावरून जाऊन यायची. दुसरी बंधाऱ्याच्या टोकाकडून उतारानं गावात जाणारी. तिसरी पाण्याच्या कडेकडेनं पलीकडच्या गावदेवीच्या देवळापर्यंत. बंधाऱ्यावर झाड कुठं, कठडा कुठं, कुठं बसायला दगड आहे, कुठं खडी आहे, सावली किती वाजेपर्यंत असते, सगळं. संध्याकाळी चहा झाला की ते पान हातात घेऊन मोठ्यानं वाचायचे.

"झाडापासनं कठड्यापातुर दोनशे दहा पावलं. कठड्यावर बसता येतंय."

"झालं का तुमचं पुराण?" राजाबाई म्हणायच्या. पण ऐकायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "कोयनेच्या पाण्यागत हाय का वो?"

"तेवढं न्हाय. पण पाणी हाय."

त्या गुरुवारी राजाबाई बाहेर पडल्या. उरणपर्यंत ट्रेननं, तिथून बंधाऱ्यापर्यंत रिक्षानं. पहिल्या खेपेला झाडापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दुसऱ्या खेपेला कठड्यापर्यंत. मग दर गुरुवारी ठरूनच गेलं. गावातल्या गिरजाबाईंशी ओळख झाली. बंधाऱ्यावर गुरं राखणारी बाई ती हीच. परत निघताना तिच्या ओट्यावर बसून पाणी पिणं, वालाच्या शेंगा घेणं सुरू झालं. पण या सगळ्या फेऱ्यांत नवऱ्याचा हात राजाबाईंनी एकदाही सोडला नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दोघं पहिल्यांदाच तिसऱ्या वाटेनं गेले. सावकाश, तीन ठिकाणी बसत, दहाच्या सुमारास देवळाशी पोचले. राजाबाई पायरीवर टेकल्या. ज्ञानूभाऊ म्हणाले, "तू बस. फुडचा वहाळ बघून येतो. तिकडनं वाट निघंल तर परतीला बरं."

पाचेक मिनिटांत दगड निसटल्याचा आवाज आला आणि मागोमाग ज्ञानूभाऊंचा.

राजाबाई काठी टेकत झाडीच्या कडेपर्यंत गेल्या. खाली वहाळात, ओढ्याच्या पात्रात, ज्ञानूभाऊ ओल्या दगडांमध्ये बसले होते. उजवा पाय दोन्ही हातांनी घोट्याशी धरलेला.

"खाली येऊ नको," ते म्हणाले. "पाय गेला माझा."

"फोन?"

"खिशातनं पाण्यात पडला. गप झालाय."

राजाबाईंचा फोन घरी चार्जिंगला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा हाका मारून पाहिल्या. त्यांनीच मला सांगितलं की त्या वेळी त्यांच्या मनात गावाकडचे देव, मुलगा, सून काही आलं नाही. एवढंच आलं, की गिरजाबाईच्या घरी जायला हवं आणि जाणारं दुसरं कुणी नाही.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"तुला वाट..."

"पाठ हाय. रोज वाचून दाखवताय की."

त्या निघाल्या. एरवी बसायच्या त्या पहिल्या दगडाशी थांबल्या नाहीत, कारण एकदा बसलं तर उठवायला कुणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याशीही नाही. खडीच्या तुकड्यावर काठी दोनदा निसटली. बंधाऱ्यावर आल्या तेव्हा ऊन तापलं होतं आणि खुबा ठणकत होता. कठड्याला हात लावून श्वास घेतला आणि पुन्हा चालायला लागल्या.

खरी भीती शेवटच्या उताराची होती. तिथं ज्ञानूभाऊ नेहमी पुढं उभे राहून दोन्ही हात धरायचे. राजाबाईंनी काठी खाली रोवली. आधी दुखरा पाय, मग चांगला. परत काठी. असं करत, वैष्णवीनं सांगितलेलं तोंडानं पुटपुटत, त्या आडव्या आडव्या उतरल्या. खाली सपाटीवर आल्यावर त्यांना कळलं, की लुगडं घामानं चिंब झालंय आणि आपण रडतोय.

गिरजाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. राजाबाईंना एकटीला येताना बघून त्या उठल्याच. "काय झाला गं बाय? दादा कुटं हाय?"

"वहाळात पडल्यात. देवळाच्या पल्याड. पाय मोडलाय."

गिरजाबाईंनी हाक मारली. शेजारपाजारचे चौघे गडी निघाले. कुणी प्लास्टिकची खुर्ची घेतली, कुणी दोर. राजाबाईंना त्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "आता तू बस. तुजा काम झाला."

तासाभरानं बंधाऱ्यावर माणसं दिसली. खुर्चीवर ज्ञानूभाऊ, तोंडावर ओशाळलेपण. शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेतलेला माणूस. दुसऱ्यांनी आपल्याला वाहून न्यावं, हे त्यांना काही केल्या सोसत नव्हतं. "टेकवा, टेकवा, दमला असाल," असं ते सारखं म्हणत होते. पुढचा गडी हसत म्हणाला, "बसा वो काका. तुमचा वजन काय वजन हाय?"

उरणच्या दवाखान्यात पायाचा फोटो काढला. राजाबाई दाराशी उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हाड तडकलंय, पण जागचं हललेलं नाही. ऑपरेशन नको. सहा आठवडे प्लास्टर, बास."

तेव्हा कुठं राजाबाई बाकावर बसल्या. मग म्हणे त्यांना एकदम इतकी भूक लागली, की गिरजाबाईंनी पदरात बांधून दिलेल्या उकडलेल्या शेंगा त्यांनी तिथंच बसून संपवल्या.

दुपारी उदयसिंह धावत आला. आईला एकटीलाच बसलेलं बघून त्याचा चेहरा उतरला. "आता हे फिरणं बंद," तो म्हणाला. "काही झालं असतं म्हणजे?"

"झालं न्हाय ना," राजाबाई म्हणाल्या. "वरडू नको. आत जा, त्यांना च्या पायजे असंल."

सहा आठवडे ज्ञानूभाऊ घरात होते. सकाळी राजाबाई काठी घेऊन, मोटारसायकलींच्या मधून वाट काढत, कोपऱ्यावरून दूध आणि भाजी आणायच्या. पहिल्या दिवशी प्रियदर्शिनी मागून हळूच चालत गेली. राजाबाईंनी वळून बघितलं आणि तिला परत पाठवलं. चौथ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. माझ्यासाठी त्यांना थांबावं लागलं.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या गुरुवारी शेडग्यांच्या घरचे चौघं आणि आम्ही नवराबायको असे सहाजण करंजपाड्याला गेलो. ज्ञानूभाऊ अजून लंगडत होते, म्हणून पहिलीच वाट धरली. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाशी बगळे उभे होते. झाडाखाली पोचल्यावर ज्ञानूभाऊ बसले आणि घोटा चोळायला लागले. राजाबाई उभ्याच राहिल्या.

"तुमी बसा निवांत," त्या म्हणाल्या. "मी कठड्यापातुर जाऊन येते."

आणि गेल्या. ज्ञानूभाऊ त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय लांब केले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि झाडाला पाठ टेकवून डोळे मिटले.